देवळाली, शांघाय, सुरत: परभाषांच्या बोलीत शिरलेली गावे

इंग्लंडमध्ये एखादा माणूस अचानक भलतेसलते बोलू लागला, क्षुल्लक कारणावरून आकांडतांडव करू लागला किंवा नुसताच विक्षिप्त वागू लागला, तर तो 'डूलॅली' झाला असे म्हणण्याची पद्धत आहे. हा शब्द वापरणाऱ्या बहुतेकांना आपण नाशिकजवळच्या एका गावाचे नाव घेत आहोत याची कल्पना नसते. 'डूलॅली' म्हणजे आपली देवळाली. 'ळ' हा उच्चार इंग्रजांच्या जिभेला कधीच जमला नाही, 'देव' चा उच्चारही गोऱ्या शिपायांच्या तोंडी चेपला गेला, आणि उरले ते आज इंग्रजी शब्दकोशांत आहे.

गावाच्या नावाचा सामान्य शब्द होणे यात तसे नवल नाही. पैठणी, कोल्हापुरी, चंदेरी हे शब्द आपण रोज वापरतो. पण तेथे गावाचे नाव त्या गावच्या मालाला चिकटलेले असते आणि माल चांगला असल्याची ती खूणच असते. परभाषेच्या स्लँगमध्ये, म्हणजे एखाद्या गटाच्या अनौपचारिक, काहीशा उनाड बोलीत, गावाचे नाव शिरते तेव्हा प्रकार वेगळा असतो. त्या नावाने मनाची एखादी अवस्था, एखादी शिक्षा, फसवणूक किंवा नुसता तुच्छतेचा शेरा दाखवला जातो, आणि तो शेरा मारणाऱ्याने बहुधा ते गाव एकाच अरुंद खिडकीतून पाहिलेले असते किंवा मुळीच पाहिलेले नसते. ही खिडकी कोणती होती हे शोधले की शब्दाचा उगम उलगडतो, आणि देवळालीच्या बाबतीत तो बऱ्यापैकी स्वच्छ दिसतो.

ब्रिटिशांनी देवळालीला लष्करी छावणी वसवली ती १८६१ मध्ये. मुंबईपासून रेल्वेने सुमारे १८० किलोमीटरवर, घाट चढून गेल्यावर, मोकळ्या माळावर ही जागा होती. विलायतेहून आलेली पलटण मुंबई बंदरात उतरली की तिला आधी देवळालीला आणायचे आणि तेथून देशभरच्या छावण्यांत वाटून द्यायचे, अशी व्यवस्था होती. परतीचा प्रवासही याच वाटेने होई. ज्यांची नोकरीची मुदत संपली असे गोरे शिपाई ठिकठिकाणाहून देवळालीला गोळा केले जात आणि जहाज आले की मुंबईला नेऊन त्यावर चढवले जात. अडचण होती ती जहाजांची. सैन्याची ने-आण करणारी जहाजे वर्षभर येत नसत. लाल समुद्रातला उन्हाळी उकाडा आणि पावसाळ्यातला खवळलेला अरबी समुद्र टाळून साधारणपणे शरद ऋतूपासून मार्चपर्यंतच त्यांच्या फेऱ्या होत. ज्या शिपायाची मुदत मार्चनंतर संपे, त्याला पुढच्या हंगामापर्यंत, म्हणजे कित्येक महिने, देवळालीतच बसून राहावे लागे.

या बसून राहण्यात सगळे आले. शिपायाची नोकरी संपलेली असे, त्यामुळे कवायत नाही, पहारा नाही, हाताला काम नाही. घर मात्र अजून समुद्रापलीकडे. उन्हाळा, मच्छर, स्वस्त दारू आणि रिकामा वेळ यांच्या संगतीत वर्षानुवर्षे चोख वागलेले शिपाईही मारामाऱ्या करून कैदेत जात, काही जण स्वतःशी बडबडू लागत. या अवस्थेला बराकीतल्या बोलीत 'डूलॅली टॅप' असे नाव पडले. यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. गोऱ्या शिपायांच्या तोंडी हिंदुस्थानीतले असे पुष्कळ शब्द बसले होते आणि त्यांत ताप हा तर रोजच्या अनुभवातला होता. म्हणजे मूळ शब्दप्रयोग सरळ 'देवळालीचा ताप' असा आहे, आणि मराठी वाचकाला तो इंग्रजाहून अधिक लवकर कळावा हे गमतीचे आहे. इंग्रजाला 'टॅप' या शब्दातून टिचकी किंवा नळ यापलीकडे काही सापडत नाही. पुढे ही शेपटी गळून गेली आणि नुसते 'डूलॅली' राहिले.

देवळालीत मोठे वेड्यांचे इस्पितळ होते म्हणून हा शब्द आला, असे पुष्कळदा छापून येते. आजारी शिपायांसाठी लष्करी दवाखाना छावणीत असणारच, आणि मायदेशी पाठवायच्या शिपायांमध्ये मनाने खचलेलेही असत. पण सैनिकांच्या आठवणींत हा शब्द ज्या तऱ्हेने येतो ती पाहिली, तर त्याचे मूळ त्या लांबलेल्या प्रतीक्षेत आहे असेच मला वाटते. वेड लागलेल्यांना तेथे नेत असत यापेक्षा, धडधाकट माणसे तेथे बसून बसून बिथरत असत, हा त्या शब्दाचा गाभा आहे. त्याच शिपायांच्या बोलीत 'ब्लायटी' असा आणखी एक शब्द होता. तो 'विलायती'चे, हिंदुस्थानीत 'बिलायती'चे, बिघडलेले रूप असून त्याचा अर्थ होता इंग्लंड, आपले घर. पहिल्या महायुद्धात तर जीव न घेता घरी पाठवण्याइतकी गंभीर असलेली जखम 'ब्लायटी' म्हणून ओळखली जाई आणि खंदकांतले शिपाई तिची आस धरून असत. हे दोन शब्द शेजारी ठेवले की त्या शिपायाच्या नकाशावर देवळाली कोठे होती हे समजते.

खुद्द देवळालीवर मात्र हा अन्यायच आहे. ज्या हवेला शिपाई कंटाळले, त्याच हवेसाठी मुंबईतली पारशी आणि गुजराती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या देवळालीला प्रकृती सुधारायला जात आली. तेथल्या आरोग्यभवनांची परंपरा जुनी आहे. भारतीय लष्कराचे तोफखाना प्रशिक्षण विद्यालयही तेथेच आहे. आणि २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या एका बिअरनिर्मात्याने 'डूलॅली' हेच इंग्रजी रूप आपले नाव म्हणून घेतले, तेव्हा नाशिक जिल्ह्यातून विलायतेला गेलेला शब्द पोशाख बदलून पुणे जिल्ह्यात परतला.

अशा शब्दांची जन्मस्थाने पाहिली तर छावणी, जहाज, तुरुंग, गिरणी, शाळेचा वर्ग अशा बंदिस्त जागा पुन्हा पुन्हा समोर येतात. तेथे एकाच प्रकारची माणसे एकाच प्रकारचा त्रास एकत्र भोगत असतात आणि एकमेकांना समजेल असा छोटा, बोचरा शब्द त्यांना हवा असतो. गावाचे नाव त्यासाठी सोयीचे ठरते, कारण त्यात संपूर्ण अनुभव एका दमात सांगता येतो. मराठी सरकारी कार्यालयात 'गडचिरोलीला पाठवीन' या दोन शब्दांचा अर्थ कोणत्याही कारकुनाला किंवा हवालदाराला समजावून सांगावा लागत नाही, आणि तो अर्थ गडचिरोलीच्या रहिवाशांना किती खटकत असेल याचा विचार धमकी देणारा करत नाही.

फ्रेंच भाषेत याच धमकीचे रीतसर क्रियापद झाले आहे. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत फ्रेंच सैन्याची पीछेहाट झाली आणि सरसेनापती जोफ्र यांनी निष्प्रभ वाटलेल्या सेनाधिकाऱ्यांना धडाधड आघाडीवरून काढले. अशा अधिकाऱ्यांना आघाडीपासून दूर असलेल्या लिमोज शहराच्या लष्करी विभागात राहण्यास सांगितले गेले. काढलेल्यांपैकी थोडेच प्रत्यक्षात तेथे गेले, पण नाव लिमोजचे झाले. १९१६ पर्यंत 'लिमोजे' हे क्रियापद छापील फ्रेंचमध्ये आलेले दिसते, आणि आज एखाद्या मंत्र्याला किंवा फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकाला तडकाफडकी काढले की फ्रेंच वर्तमानपत्रे तेच क्रियापद मथळ्यात वापरतात. चिनी मातीच्या नाजूक भांड्यांसाठी जगभर नावाजलेल्या शहराच्या वाट्याला आपल्याच देशात हा अर्थ यावा, हे लिमोजकरांना मुळीच आवडण्यासारखे नाही.

साम्राज्ये मोठी असली की शिक्षेच्या जागाही लांब असतात. फ्रेंच लष्कराच्या आफ्रिकेतल्या शिस्तभंगवाल्या पलटणी ट्युनिशियाच्या दक्षिण टोकाला, वाळवंटाच्या काठावर तातावीन येथे ठेवल्या जात. त्यामुळे 'तातावीनला जाणे' म्हणजे जगाच्या टोकाला जाणे असा अर्थ फ्रेंच बोलीत रुळला. ऑटोमन तुर्कांचे हद्दपारीचे ठिकाण होते आजच्या लिबियाच्या दक्षिणेतले फेझान, तुर्की उच्चाराने फिझान. १९१२ मध्ये लिबिया तुर्कांच्या हातून गेला, पण 'फिझानला पाठवणे' तुर्की भाषेत टिकून राहिले. राज्य गेले तरी राज्याची धमकी बोलीत शिल्लक राहिली, असे येथे घडले. रशियन शाळेतली पोरे मात्र याच कल्पनेचा खेळ करतात. देशाच्या अगदी पूर्व टोकाच्या कामचात्का द्वीपकल्पाचे नाव त्यांनी वर्गातल्या शेवटच्या बाकाला दिले आहे, आणि तेथे बसणाऱ्यांना त्याचे दुःख असल्याचे दिसत नाही.

शांघायची कथा अधिक काळी आहे आणि तिच्यात शांघायचा दोष तर मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियात सोने सापडले, आणि सॅन फ्रान्सिस्कोला आलेल्या जहाजांवरचे खलाशी बंदर लागताच पळून खाणींकडे धावू लागले. जहाजे खलाशांवाचून अडून राहिली. तेव्हा कप्तानांना माणसे पुरवणारे दलाल पुढे आले. बंदराजवळ खानावळी आणि दारूचे गुत्ते चालवणारे हे लोक खलाशाला उधारीवर राहू-जेवू घालत, मग गुंगीचे औषध पाजून किंवा सरळ डोक्यात दंडुका घालून त्याला बेशुद्धावस्थेत जहाजावर पोचवत, आणि त्याच्या आगाऊ पगारातून स्वतःची वसुली करत. शुद्धीवर येईपर्यंत जहाज भर समुद्रात असे. एकदा करारावर नाव चढले की मध्येच जहाज सोडणे हा गुन्हा होता, त्यामुळे कायदाही त्याच्या बाजूने नव्हता. ही जहाजे पूर्वेकडच्या लांबच्या सफरींवर निघालेली असत आणि त्या लांबच्या बंदरांचे प्रतिनिधी म्हणून शांघायचे नाव खलाशांच्या तोंडी बसले. माणूस नाहीसा झाला की 'त्याला शांघाय केला' असे म्हटले जाऊ लागले. अमेरिकेत १९१५ मध्ये खलाशांच्या हक्कांचा कायदा झाल्यावर हा धंदा मोडला. क्रियापद मात्र सौम्य होऊन जगले. मनाविरुद्ध एखाद्या समितीवर नेमला गेलेला इंग्रजी भाषक आजही आपल्याला 'शांघाय केले' अशी तक्रार करतो.

या सगळ्यांत मला सर्वांत बोलके वाटते ते सुरतेचे उदाहरण, जरी आज ते इंग्रजीतून जवळजवळ पुसले गेले असले तरी. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस आटला. त्या गिरण्या बहुतांश याच कापसावर चालत होत्या. पर्याय म्हणून हिंदुस्थानचा कापूस आला. तो खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाड अशा अनेक प्रदेशांतला असे आणि मुंबई बंदरातून जाई. लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या कापसाला 'उमरा' आणि हिंगणघाटच्या कापसाला 'हिंगणघाट' अशी वेगळी नावेही होती. तरी एकूण सगळ्याला व्यापारी 'सुरत' म्हणत, कारण कंपनीच्या सुरुवातीच्या काळात पश्चिम किनाऱ्यावरचा व्यापार सुरतेतून चालत असे. सुरतेचे बंदर तोपर्यंत मागे पडले होते, पण नाव मागे हटले नव्हते.

हा कापूस आखूड धाग्याचा होता. लँकेशायरची यंत्रे लांब धाग्याच्या अमेरिकी कापसासाठी बसवलेली असल्यामुळे त्यांवर तो सारखा तुटे. विणकरांना मजुरी कापडाच्या मापाने मिळत असल्यामुळे धागा तुटला की कमाई घटे, आणि कापडात खोट निघाली तर त्यातूनही कापले जाई. त्यात गाठोड्यांत माती, सरकी आणि कचरा मिसळलेला असण्याची तक्रार होतीच. ती अगदी खोटी नव्हती, कारण मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातल्या भेसळीविरुद्ध खास कायदा करावा लागला. कापूस मिळू दे अशी प्रार्थना चर्चमध्ये चालू असताना एका विणकराने 'पण सुरत नको, देवा' अशी पुस्ती जोडली, ही त्या काळची आख्यायिका लँकेशायरमध्ये अजून सांगितली जाते. हळूहळू त्या भागात कोणत्याही भेसळीच्या किंवा हलक्या वस्तूला 'सुरत' म्हणू लागले. १८६३ मध्येच इंग्लंडमधल्या एका न्यायालयात बिअर बनवणाऱ्यांचा बदनामीचा दावा उभा राहिला, कारण एका जाहिरातीत त्यांना 'सुरत' बिअरवाले म्हटले होते. या शब्दाचा कापूसपट्ट्यातला अर्थ न्यायालयात समजावून सांगावा लागला. त्याच वर्षांत, त्याच कापसाच्या तेजीवर मुंबईत पैशांचा पूर आला होता आणि शेअरांचा जुगार रंगला होता. एकाच कापसाच्या गाठीला मुंबईच्या सट्टेबाजाने सोने समजावे आणि ब्लॅकबर्नच्या उपाशी विणकराने शिवी समजावे, यात दोघांचेही अनुभव खरे होते.

मुंबईचे नाव अशा बोलींत पुष्कळ ठिकाणी विखुरले आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश शिपायांना मिळणाऱ्या ढगळ खाकी अर्ध्या चड्ड्यांना 'बॉम्बे ब्लूमर्स' म्हणत. अधिक लक्षणीय आहे फिलिपाइन्समधला 'बुंबाय'. तेथे या शब्दाने कोणताही भारतीय माणूस ओळखला जातो, जरी तेथे स्थायिक झालेल्यांमध्ये प्रामुख्याने पंजाबी आणि सिंधी आहेत, मुंबईकर नव्हेत. त्यांच्यापैकी अनेक जण मोटारसायकलवरून फिरत छोट्या दुकानदारांना बिनतारण कर्ज देतात. पाच घेतले तर सहा परत करायचे, म्हणून त्या धंद्यालाच 'पाच-सहा' असे नाव आहे. हट्टी मुलांना 'बुंबाय घेऊन जाईल' अशी भीतीही घालतात. हा शब्द तेथल्या भारतीयांना बोचतो. मजा अशी की तेथल्याच भाषेत मोठ्या कांद्याला 'सिबुयास बुंबाय' म्हणतात आणि इंडोनेशियातही मोठा कांदा 'बावांग बोंबाय' आहे. बंदराचे नाव देशाला, देशाचे माणसाला आणि तेच भाजीला, असा हा पसारा आहे. त्यातला कांद्याचा भाग कोणालाही बोचत नाही.

ज्या गावाशी काहीच संबंध आलेला नाही, तेही उपयोगी पडते, कारण तेव्हा ते दूरपणाचे किंवा न कळण्याचे चिन्ह होते. स्पॅनिश भाषक फार लांबच्या जागेला 'कोंचिंचिना' म्हणतात. हे कोचिनचायना, म्हणजे व्हिएतनामचा दक्षिण भाग. त्या नावात आपले कोची दडलेले आहे, कारण पोर्तुगीजांनी भारतातल्या कोचीनपासून वेगळे ओळखता यावे म्हणून पुढे 'चायना' जोडले होते. जर्मन माणसाला एखादी गोष्ट अजिबात समजली नाही की ती त्याच्या दृष्टीने 'बोहेमियातली गावे' ठरते, कारण तेथली चेक नावे त्याला उच्चारताही येत नसत. त्या बोहेमियातल्या चेक माणसाला न समजलेली गोष्ट मात्र 'स्पॅनिश खेडे' असते.

लढायांची नावे या कुळातली असली तरी त्यांची बाब सरळ आहे. पानिपत झाले हे मराठी माणसाला १७६१ नंतर समजावून सांगावे लागत नाही; इटालियन माणूस तसेच 'कापोरेत्तो' म्हणतो, १९१७ च्या पराभवावरून, आणि फ्रेंच माणूस 'बेरेझिना' म्हणतो, १८१२ मध्ये रशियातून परतताना नेपोलियनच्या सैन्याने ओलांडलेल्या नदीवरून. त्या नदीवर फ्रेंचांनी पूल बांधून सैन्याचा मोठा भाग पार नेला होता, हे लष्करी इतिहासकार सांगत राहतात आणि बोलीवर त्याचा परिणाम होत नाही.

या शब्दांच्या कथा रंजक असल्यामुळे त्यांत बनावट कथाही फार शिरतात, आणि त्या तपासायला साल हे सर्वांत स्वस्त हत्यार आहे. सुक्या बोंबिलाला इंग्रज 'बॉम्बे डक' म्हणतात. मुंबईहून सुटणाऱ्या डाकगाडीतून बोंबील जात, तिला वास येई, म्हणून 'बॉम्बे डाक' चे 'बॉम्बे डक' झाले, असे छातीठोकपणे सांगितले जाते. भारतातली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती १८५३ मध्ये, आणि 'बॉम्बे डक' हे नाव त्याच्या काही दशके आधीच्या इंग्रजी लिखाणात सापडते. तेव्हा डाकगाडीची गोष्ट तेथेच संपते. ऑस्ट्रेलियात गलोलीला 'शांघाय' म्हणतात, पण त्याचा चीनशी किंवा पळवून नेलेल्या खलाशांशी संबंध नाही. तो स्कॉटलंडच्या बोलीतल्या 'शँगन' या, चिरलेल्या काठीसाठीच्या, शब्दाचा अपभ्रंश आहे.

याउलट मुंबईच्या डोंगरीची कथा सालांच्या कसोटीला चांगली उतरते. डोंगरीच्या जाड्याभरड्या सुती कापडावरून, तसल्या कापडाच्या कामाच्या कपड्यांसाठीचा इंग्रजी 'डंगरी' शब्द आला असे कोशकार सांगतात, आणि १६१३ मध्ये इंग्रज कप्तान जॉन सॅरिस मसाल्याच्या बेटांवर लवंगांच्या बदल्यात जे कापड देत होता त्याच्या यादीत 'डोंगेरिन' हे नाव आहे. मुंबई इंग्रजांच्या हाती येण्याला तेव्हा अर्धशतक अवकाश होता, म्हणजे हा शब्द शिपायांच्या नव्हे, व्यापाऱ्यांच्या गाठोड्यातून गेला. दोन शतकांनी ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये निळे सुती कपडे घालणाऱ्या गरीब वसाहतवाल्यांना 'डंगरी सेटलर' असे हिणवले जाऊ लागले. नोव्हेंबर १९१५ मध्ये मात्र क्वीन्सलँडमधल्या वॉरविकहून ब्रिस्बेनकडे सैन्यभरतीसाठी निघालेल्या तरुणांनी निळ्या डंगऱ्या घालून आपल्या मोर्चालाच ते नाव दिले.